चार बोटं पाणी

घरात कामाला येणाऱ्या कारागिराकडून गृहस्थाने किमान नऊ अपेक्षा ठेवाव्यात, असं माझं मत होतं. या नऊही अपेक्षा मी सुवाच्य अक्षरात लिहून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दारामागे टांगल्या होत्या. (पाकीट एवढ्यासाठी, की कारागिरांचे हात ओले असतात.)

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. बत्तीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी मार्केट यार्डात. पारड्याच्या खाली चिकटवलेली चिंच, लिटरच्या मापाला आतून ठोकलेला दुसरा तळ, असले प्रकार मी लांबून ओळखायचो. मी गाळ्यात पाऊल टाकलं, की भलेभले व्यापारी उभे राहून चहा मागवायचे. मग निवृत्त झालो आणि पकडायला कोणी उरलं नाही. घरी दूधवाला आला की मी नुसता दारात जाऊन उभा राहायचो, तर आमची मंगल म्हणायची, "अहो, पेपर वाचा ना जरा. पिशवीचं दूध आहे ते."

अशा काटेकोर माणसाच्या न्हाणीघरातून खालच्या मजल्यावर पाणी गळायला लागलं.

आम्ही कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या बरोबर खाली ढवळे वहिनी. सव्वीस वर्षांचा शेजार. त्या मला पहिल्यापासून 'भाऊ' म्हणायच्या. त्यांच्या हॉलच्या भिंतीवर ओलीचा पहिला डाग आला तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, जरा बघता का?" डाग ताटाएवढा झाला तेव्हा मी 'भाऊसाहेब' झालो. (पुण्यात आदर वाढला की समजावं, काहीतरी बिनसलंय.) आणि डागाने छत गाठलं त्या दिवशी जिन्यात मी समोर असताना वहिनी बरोबरच्या बाईंना म्हणाल्या, "आम्ही शॉवर बसवणारच नाही आहोत आता. वरच्यांनी सोय केली आहे."

वरचे! सव्वीस वर्षांचा भाऊ एका डागात 'वरचे' झाला. मला ते फार लागलं. त्यातून त्यांच्या केतकीचा साखरपुडा ठरलेला, घरीच, येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी. मुलाकडची माणसं नेमकी त्या भिंतीला पाठ लावून बसणार. मी खाली जाऊन शब्द दिला, "वहिनी, साखरपुड्याच्या आत भिंत कोरडी. माझी जबाबदारी."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "आणि केतकीने सगळ्यांना पावडर ब्लू, ते फिकं निळं, घालून यायला सांगितलंय. थीम आहे."

"मी पांढऱ्या शर्टात येईन. माझ्याकडे निळं काही नाही," मी ठणकावून सांगितलं.

हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. मीही ठेवलंय.

काम सोपान मिस्त्रींना दिलं. मुळशीकडचा माणूस, पन्नाशीचा, कमी बोलणारा. पहिल्या दिवशी मी त्यांना दारामागचा कागद मोठ्याने वाचून दाखवला. वेळेवर यावं. येणार नसल्यास आधी कळवावं. चपला बाहेर काढाव्यात. फोडण्यापूर्वी झाकावं, झाकण्यापूर्वी विचारावं. पाणी बंद करण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना सांगावं. असं करत करत मी नवव्या अपेक्षेपाशी आलो, जी मला स्वतःला फार आवडते: 'चूक झाल्यास कबूल करावी. चूक ज्याची, राडारोडा त्याचा.' म्हणजे चुकीपायी जे फोडावं लागेल, त्याची पोती चुकणाऱ्याने स्वतःच्या पाठीवरून खाली न्यायची.

"समदं मान्य हाय, सायेब," मिस्त्री म्हणाले. "आता जरा बाजूला व्हता का? तुमी फरशीवर हुबे हाय."

सांगायला हरकत नाही, माणसाने काम सुरेख केलं. जुन्या फरशा काढल्या, खाली वॉटरप्रूफिंगचा काळा थर दिला, तो वाळू दिला. शनिवारी संध्याकाळी म्हणाले, "आता पानी भरायचं. जाळीचं भोक बंद करायचं, चार बोटं पानी सोडायचं आन् छत्तीस तास हात लावायचा न्हाई. पानी हाय तितकं ऱ्हायलं, तर काम पास. मग वर फरशी."

मापाची गोष्ट निघाली आणि माझ्या अंगात निरीक्षक संचारला. मी स्टीलची पट्टी आणली. गॅलरीतल्या ड्रममधलं पाणी बादलीबादलीने ओतून घेतलं, चार बोटं भरल्यावर भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली, रेघेखाली तारीख, वेळ आणि सही केली. साक्षीदार म्हणून मिस्त्रींचीही सही घेतली. त्यांनी सही करताना माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

सोमवारी सकाळी रेघ आणि पाणी यांच्यात एक बोट अंतर होतं!

मिस्त्री उकिडवे बसून पाण्याकडे बघत राहिले. मग खाली जाऊन वहिनींचं छत हाताने चाचपून आले. "खाली कोरडं ठणठणीत हाय, सायेब. मंग पानी गेलं कुटं?"

"ते तुम्ही सांगायचं."

"बावीस वर्सं झाली. माझ्या हातनं भरल्यालं पानी कुटं गेलं न्हाई आजवर."

"व्यापारीही असंच म्हणायचे," मी म्हणालो. हे वाक्य मी म्हणायला नको होतं. मिस्त्रींचा चेहरा एकदम उतरला. पण तेव्हा मला माझी भिंत, म्हणजे वहिनींची भिंत दिसत होती आणि रविवार दिसत होता. मी शांतपणे दारामागे बोट दाखवलं. नववी अपेक्षा.

त्यांनी छिन्नी घेतली, चारही कोपरे आणि जाळीच्या भोवतालचं सगळं पुन्हा फोडलं, पुन्हा थर दिला. तीन पोती राडारोडा निघाला. तो त्यांनी दाराशी ठेवला आणि म्हणाले, "नेतो. पन पुन्यांदा पानी भरल्यावर नेतो. कुनाचा हाय ते तरी कळंल."

बुधवारी सकाळी दुसऱ्यांदा पाणी भरलं. पुन्हा गॅलरीतला सगळा ड्रम रिकामा केला. मी भिंतीवर नवी रेघ मारली. या वेळी दोन सह्या आणि पंचनाम्याचा मसुदा. मी मसुदा वाचत असताना मिस्त्री पिशवीतून काहीतरी काढत म्हणाले, "सायेब, ह्यात जरा..."

"वाचताना मध्ये बोलू नका," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले.

गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद होतं. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद राहतं आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने येतं, हे आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच तर आम्ही ड्रम भरून ठेवतो. तो ड्रम मी न्हाणीघरात ओतून वर रेघ मारली होती! सोसायटीची टाकी साडेनऊला संपली. घरात प्यायच्या पाण्याचे दोन हंडे, आणि न्हाणीघरात चार बोटं शांत, स्वच्छ, सहीनिशी मोजलेलं पाणी.

मी सगळ्यांना हॉलमध्ये जमवून बजावलं, "त्या पाण्याला कोणीही हात लावायचा नाही. ते पाणी नाही, तो पुरावा आहे."

आई त्र्याऐंशी वर्षांची. माणदेशातलं माहेर. तिने लहानपणी एका घागरीसाठी दोन कोस तुडवलेले. ती म्हणाली, "पाणी कोंडून ठेवायचं आणि झाडं वाळवायची? चांगला न्याय आहे तुझा."

"आई, फक्त उद्यापर्यंत."

"मी कुठं काय म्हणतेय," आई म्हणाली.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी उठलो. नऊला मिस्त्री येणार होते आणि आज निकाल लागायचा होता. अशा प्रसंगी निरीक्षकाने दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून असावं, हा माझा नोकरीतला शिरस्ता. नळाला पाणी नव्हतं. (कमी दाबानेही नव्हतं.) न्हाणीघरातला दिवा कामासाठी काढलेला, खिडकीवर मिस्त्रींनी वर्तमानपत्र चिकटवलेलं. मी अंधारातच दाराशी वाकलो आणि हातातला मग फक्त बुडवून काढला.

आता ही चोरी नव्हे. मी ते मोजून घेतलं. दोन मग.

दाढी मी चाळीस वर्षं सवयीने करतो. चष्मा काढल्यावर मला आरशात एक गोल दिसतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर वस्तरा चालवायचा, एवढंच. पाण्याला थोडा सिमेंटचा वास येत होता. शेवटी पांढऱ्या मिशीला भरपूर पाणी लावून, चोळून, ती कंगव्याने खाली बसवली. माझी मिशी भरघोस आहे. मार्केट यार्डात तिला वजन होतं.

नऊच्या ठोक्याला बेल वाजली. दारात मिस्त्री उभे होते, आणि त्यांच्या मागे ढवळे वहिनी.

"वरचे!" वहिनी कडाडल्या. "काल पेंटरने माझी गॅलरी पांढरीशुभ्र करून दिली. आत्ता तिच्यावर निळं पाणी टपकतंय! निळं! परवा पाहुणे..." एवढं बोलून त्या माझ्या तोंडाकडे बघत एकदम थांबल्या.

माझ्या दराऱ्याने थांबल्या, असं मला वाटलं.

"निळं?" मी म्हणालो.

"मी टाकलीया नीळ," मिस्त्री म्हणाले. "आक्की बाटली. बुधवारी सांगत हुतो, तर तुमी वाचत हुता. पानी कुटनं कुटं जातंय ते रंगानं घावतं." आणि तेही माझ्याकडे बघून थांबले. त्यांनी पटकन खाली मान घातली.

मी आत धावलो. रेघेखाली दोन बोटं पाणी गायब! काळ्या थरावर ते पाणी अजूनही काळंच दिसत होतं, पण बॅटरी मारली तर निळंशार. "बघा!" मी विजयाने ओरडलो. "गळती! गॅलरीपर्यंत पोचलीय तुमची गळती! मिस्त्री, नववी अपेक्षा! उचला पोती!"

"सायेब," मिस्त्री मान खालीच ठेवून म्हणाले, "न्हाणीघर हितं. गॅलरी तिकडं. पानी काय चालत जातंय व्हय?"

हा मुद्दा बरोबर होता. मी पंचनाम्याचा कागद आणि पेन घेतलं आणि सगळी वरात माझ्या मागून गॅलरीत आली. कुंड्यांच्या रांगेखाली निळं तळं साचलं होतं. कढीपत्त्याच्या कुंडीतून थेंब थेंब निळं पाणी खाली वहिनींकडे चाललं होतं. कुंडीशेजारी आई तांब्या घेऊन बसली होती. तिची बोटं निळी होती.

"आई! तू?"

"दोन बादल्या," आई म्हणाली. "आणि मागच्या वेळी दोन. झाडाला काय कळतंय तुझा पंचनामा?"

मी लिहून घेतलं. माझा आवाज आता चढला होता. बत्तीस वर्षांच्या नोकरीत असा मोठा गुन्हा हाती लागला नव्हता. "अजून कोण आहे यात?"

"अहो," मंगल म्हणाली, "तुमच्या..."

"विचारल्याशिवाय साक्षीदाराने बोलू नये!" मी तिला थांबवलं आणि फरशीकडे बघितलं. आमची जुनी ठिपक्यांची फरशी. नीट बघितलं तर तिच्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिकट निळे फराटे होते. "ही फरशी कोणी पुसली?"

"मी पुसली," मंगल म्हणाली. "तीन दिवस घरभर सिमेंटची धूळ. पाय ठेववत नव्हता. एकच बादली घेतली. आणि तुमच्या..."

"एक बादली," मी लिहिलं. "आदित्य कुठे आहे?"

आमचे चिरंजीव आयटीत आहेत आणि गुरुवार-शुक्रवार घरून काम करतात. ते कानात हेडफोन घालून बाहेर आले. पायात नवे कोरे पांढरे बूट होते. होते म्हणजे, बुधवारपर्यंत पांढरे होते.

"बाबा, लिसन," तो म्हणाला, "मला वाटलं बूट ओले असताना तसे दिसतायत. वाळल्यावर नॉर्मल होतील. बाय द वे, तुमची..."

"किती पाणी?"

"एक बादली बुटांना, एक बाइकला. पण बाबा, सीरियसली, तुमची..."

"गप्प! घरात चोर पाळले मी!" मी गरजलो. वहिनी, मिस्त्री, आई, मंगल, आदित्य, सगळे माझ्याकडे एकटक बघत होते. त्या शांततेत मला फार वर्षांनी आपलं जुनं वजन परत मिळाल्यासारखं वाटलं. "बाहेरचा माणूस घरात येतो, त्याच्याकडून आपण प्रामाणिकपणा मागतो. आणि आपल्याच घरातले, बादली घेऊन, मापात पाप! या निर्दोष माणसाने माझ्या शब्दाखातर दुसऱ्यांदा काम केलं! ज्याने ज्याने त्या पाण्याला हात लावला, त्याच्या अंगावर ती निळाई..."

"भाऊ," ढवळे वहिनी अगदी हळू आवाजात म्हणाल्या.

कित्येक महिन्यांनी त्यांनी मला भाऊ म्हटलं! मला वाटलं, माझ्या न्यायबुद्धीने त्या विरघळल्या.

"बोला, वहिनी."

"मिशी बघा."

मी चष्मा सारखा करून हॉलमधल्या आरशात बघितलं. त्या आरशात कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ होता, हातात पंचनामा, आणि नाकाखाली शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखी गडद निळी मिशी.

मग आई म्हणाली, "लिही की. किती मग?"

"दोन," मी म्हणालो. आणि लिहिलं.

सगळ्यात आधी मिस्त्री हसले. खाली मान घालून दाबून ठेवलेलं त्यांचं हसू एकदम सुटलं आणि ते गॅलरीच्या कठड्याला धरून खाली बसले. मग वहिनी. मग सगळेच. हसणं थांबल्यावर मिस्त्रींनी डोळे पुसले आणि दारामागे बोट दाखवलं.

मी म्हणालो, "मिस्त्री, तुमचं काम पहिल्यापासून पक्कं होतं. मी तुम्हाला नको ते बोललो. चूक माझी." हे म्हणताना मला खरोखर लाज वाटली, आणि निळ्या मिशीने माफी मागताना ती जरा जास्तच वाटते.

"जाऊ द्या, सायेब," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पन पोती तीन हायत."

आमच्या सोसायटीत लिफ्ट नाही. तीन पोती एकदम उचलणं माझ्या वयाला शक्य नव्हतं, म्हणून मी घमेल्या-घमेल्याने राडारोडा उतरवला. सतरा खेपा. प्रत्येक खेपेला वहिनींचं दार उघडं असायचं आणि त्या म्हणायच्या, "सावकाश, भाऊ." सहाव्या खेपेला त्यांनी ताक दिलं. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ते ताक होतं. मिस्त्रींनी तोवर फरशी बसवायला घेतली होती. शनिवारी संध्याकाळी फरशी पूर्ण झाली, पेंटरने वहिनींची भिंत आणि गॅलरी दोन्ही पुन्हा पांढरी केली आणि माझा शब्द अगदी काठावर का होईना, पाळला गेला.

राहिली मिशी.

मी ती सरळ उतरवून टाकायला निघालो होतो, पण आईने हात धरला. "मी जिवंत आहे अजून! धडधाकट आई घरात असताना मिशी काढून शुभकार्याला जातोस? मी गेल्यावर काढ." यापुढे बोलायची सोय नव्हती. मग दोन दिवस लिंबू झालं, बेसन झालं, खोबरेल तेल झालं. आदित्यने मोबाइलवर शोधून व्हिनेगरही लावायला लावलं. (घरात मला लोणच्याचा वास येत होता.) या साऱ्या उपचारांनी गडद निळा रंग खरोखरच फिका होत गेला. रविवारी सकाळी मंगल हातात साखरपुड्याला नेसायची साडी घेऊन माझ्यासमोर आली. एकदा तिने साडीकडे बघितलं, एकदा माझ्या मिशीकडे.

"अहो," ती म्हणाली, "अगदी तोच आला हो रंग."

साखरपुड्याला मी भिंतीशी बसलो, शक्यतो पाठीमागे. भिंत कोरडी होती. मिस्त्रींनाही वहिनींनी आग्रहाने बोलावलं होतं. ते माझ्या शेजारी पेढा खात होते. केतकीने मला बघितलं आणि तिचे डोळे भरून आले, ते आनंदाने की कशाने, मी विचारलं नाही. इतक्यात मुलाची आई, पावडर ब्लू पैठणीतली बाई, ओळख करून घ्यायला आमच्यापाशी आली. तिने माझ्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं, मग मिशीकडे, आणि हातच जोडले.

"कमाल आहे हो तुमच्या शेजाऱ्यांची!" ती वहिनींना म्हणाली. "आमच्याकडच्या पुरुषांना नुसता निळा रुमाल घ्या म्हटलं तर जमलं नाही. आणि यांनी केतकीसाठी केवढं केलं!"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मिस्त्रींनी पेढा तोंडात धरून माझ्याकडे वळून पाहिलं. चूक झाल्यास कबूल करावी, ही नववी अपेक्षा मला तोंडपाठ होती.

"त्यात काय एवढं," मी मिशीवर हात फिरवत म्हणालो, "मुलगी आमचीच आहे."